रायफलच्या नळीतला मळ आणि खरेदीची नस्ती

शासकीय सेवेत माणसाला कोणकोणते विषय शिकावे लागतात याची यादी केली तर ती मोठी गमतीची होईल. महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्यात गृह विभागाची वित्तीय बाजू माझ्याकडे असताना पोलीस मुख्यालयाकडून एक नस्ती आली. विषय होता, शस्त्रे साफ करण्याचे द्रावण. मागणी सर्व जिल्ह्यांची एकत्रित, वस्तू एकच आणि वर्णन एका ओळीचे: रायफलच्या नळीतील तांबे व कार्बन काढणारे उत्तम प्रतीचे सॉल्व्हंट. तीन देकार आले होते. सर्वांत कमी दराचा देकार स्वीकारावा अशी टिप्पणी होती आणि तिच्याखाली चार सह्या होत्या. पाचवी माझी व्हायची होती.

ती त्या दिवशी झाली नाही, याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही. प्रात्यक्षिक ठेवले आहे असे कळले म्हणून मी केवळ कुतूहलाने गेलो होतो. पुरवठादाराच्या माणसाने एका जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत द्रावण सोडले, पितळी तारांचा ब्रश फिरवला आणि दहा मिनिटांनी पांढरी चिंधी ओढून काढली. चिंधी निळी झाली होती. निळा रंग म्हणजे विरघळलेले तांबे, असे त्याने सांगितले, आणि ते खरेही आहे. समितीने समाधानाने माना डोलावल्या. मागे भिंतीशी उभा असलेला आर्मरर, निवृत्तीला आलेला एक हवालदार, हळूच म्हणाला, "साहब, हुकुम हो तो राइफल हटाकर दिखाऊँ?" त्याने तोच ब्रश पुसून काचेच्या पेल्यात त्याच द्रावणात बुडवून ठेवला. आमचा चहा होईपर्यंत पेला निळा झाला होता. पितळेतही तांबेच असते. चिंधीवरचे तांबे नळीतून किती आले आणि ब्रशातून किती, हे त्या प्रात्यक्षिकावरून कोणालाही सांगता आले नसते.

पुढचे दोन तास त्या हवालदाराने माझी शिकवणी घेतली. गोळी सुटते तेव्हा नळीत एकच मळ राहत नाही. जळलेल्या दारूची काजळी राहते. गोळीच्या आवरणाचे तांबे नळीतल्या सर्पिल खाचांच्या कडांवर घासून बसते. आणि जुन्या पद्धतीच्या काडतुसांत टोपीमधल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड तयार होते, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ, जो हवेतला ओलावा ओढून पोलाद गंजवतो. तिघांचे औषध वेगळे. काजळी रॉकेलसारख्या खनिज तेलांनी सैल होते. थर कडक झाला असेल तर घासणे मात्र टळत नाही. तांब्याला रॉकेल काहीही करीत नाही. त्याला अमोनिया लागतो, जो हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांब्याशी संयोग पावून निळे, पाण्यात विरघळणारे संयुग बनवतो. अमोनियाविरहित, कमी वासाची द्रावणेही आता मिळतात. त्यांना बहुधा वेळ जास्त लागतो. मीठ तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच हवे. ब्रिटिश काळातला शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत असे, ते यासाठी.

शिवाय हे थर एकावर एक बसतात. तांब्यावर काजळी असेल तर अमोनिया तांब्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी काजळीचे द्रावण, ते पुसून मग तांब्याचे, तेही पूर्ण पुसून शेवटी तेल, असा क्रम. दोन बाटल्या एकत्र ओतायच्या नाहीत. १९०३ साली अमेरिकेत निघालेले 'हॉप्पेज नंबर ९' हे द्रावण आजही विकले जाते. काजळीवर ते चांगले चालते, तांब्यावर सावकाश. सर्व रोगांवर एकच बाटली हे स्वप्न जुनेच आहे.

आता प्रशासनाचा प्रश्न. दोन्ही मळ काढणारे एक जालीम द्रावण घेऊन ते सर्व जिल्ह्यांना सारखे वाटावे, हे कागदावर न्याय्य दिसते. माझे मत उलट आहे. काजळीचे द्रावण सर्वांना द्यावे. तांब्याचे फक्त प्रशिक्षण केंद्रांना आणि नेमबाजांच्या तुकड्यांना, तेही मोजके.

याचे कारण असे की हे दोन मळ दोन वेगळे अपघात घडवतात. तांबे साचले की नेम बिघडतो. काजळी आणि घाण काडतुसाच्या खोबणीत किंवा स्वयंचलित रायफलच्या गॅस सिलिंडरमध्ये साचली की शस्त्र अडकते. वर्षभरात मोजून थोड्या गोळ्या झाडणाऱ्या जिल्ह्यातल्या शिपायाच्या नळीत तांबे साचणार तरी किती? त्याचे वैरी म्हणजे धूळ, दमट हवा आणि वाळलेले तेल. त्याच्या हाती अमोनियाची तीव्र बाटली दिली तर ती आधी नळीतले तेल उतरवते आणि पोलाद उघडे पाडते. अशा बाटल्यांवर मिनिटांची मर्यादा छापलेली असते. कोतीत, म्हणजे तिकडच्या शस्त्रागारात, मात्र 'भीगने दो रातभर' हा रिवाज. त्यात कोतीला बहुधा एकच दार आणि वर एक जाळीचा झरोका. तिथे अमोनियाची वाफ कोणाच्या छातीत जाते, हे दरपत्रकात कुठेच येत नाही.

सगळ्या नळ्याही सारख्या नसतात. एके-४७ आणि तिच्या कुळातील रायफलींच्या नळीला आतून क्रोमचा थर असतो. तांबे तिथे कमी चिकटते आणि गंजही कमी धरतो. थ्री-नॉट-थ्रीची नळी साध्या पोलादाची. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला, पण ती सेवेत असताना तिच्या शेजारीच नव्या रायफली रचलेल्या असत आणि दोघींवर एकाच डब्यातले द्रव्य फिरे. पुल-थ्रूची धुळीने माखलेली दोरी नळीच्या तोंडाशी तिरपी ओढली गेली तर तिथे चर पडतो आणि मग कोणतेही द्रावण नेम परत आणू शकत नाही. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट काढून मागच्या बाजूने सरळ सळई घालता येते. चांगल्या सळया आणि नायलॉनचे ब्रश यांची मागणी मात्र त्या नस्तीत नव्हती.

हा सगळा तपशील क्षुद्र वाटत असेल तर व्हिएतनाम आठवावे. अमेरिकी सैन्याला एम-१६ रायफल दिली गेली तेव्हा तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता. सफाईचे साहित्य अपुरे होते, काडतुसातली दारू मध्येच बदलली गेली होती आणि काडतुसाच्या खोबणीला क्रोम दिलेला नव्हता. रायफली ऐन लढाईत अडकल्या, माणसे मेली. रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने १९६७ मध्ये सैन्यातील जबाबदार अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणाला जवळजवळ गुन्हेगारी ठरवले. आपल्याकडे तर एन्फिल्ड रायफलच्या काडतुसाला कोणती चरबी लावावी, या भांडार-विभागाच्या निर्णयातून १८५७ साली काय पेटले ते सांगायला नको. दोन्ही वेळी ज्याच्या हातात शस्त्र होते त्याला आधी कोणी विचारले नव्हते.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १४४ सांगतो की खरेदीच्या वस्तूचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्याजोगे असावे. 'उत्तम प्रतीचे' हे त्यांपैकी काहीच नाही. नियमात दोष नाही. वर्णन लिहिणाऱ्याने नळी पाहिलेली नसते, हा दोष आहे. नळी रोज पाहणारा हवालदार तांत्रिक समितीवर बसू शकत नाही, कारण समितीची किमान श्रेणी त्याच्या बरीच वर ठरलेली असते. दर लिटरमागे तोलला जातो, तोही फसवा. ज्याचे काही थेंब पुरतात ते आणि जे पेलाभर ओतावे लागते ते एकाच रकान्यात शेजारी बसतात.

नस्ती मी परत पाठवली. दुसरे प्रात्यक्षिक नायलॉनच्या ब्रशाने झाले. सर्वांत कमी दरवाल्याची चिंधी काळी निघाली, निळेपणा नावालाच. तांबे खरोखर काढणारे द्रावण मधल्या दराचे निघाले. काजळीसाठी मात्र तो कमी दरवालाच योग्य ठरला, त्यामुळे त्याच्यावरही अन्याय झाला नाही. दोन वस्तू, दोन वेगवेगळी परिमाणे, सोबत सळया आणि ब्रश अशी नवी मागणी तयार व्हायला पाच महिने गेले, आणि तेवढा काळ जिल्ह्यांनी रॉकेलवर काढला. हा उशीर माझ्या खाती आहे.

दोन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप आला: मूळ मागणी एका द्रावणाची असताना दोन का खरेदी केली? उत्तराच्या मसुद्याला आम्ही दोन चिंध्या टाचून पाठवल्या, एक काळी आणि एक निळी. आक्षेप वगळला गेला. हवालदार तोपर्यंत निवृत्त होऊन गावी गेला होता.