बस सर्वांची, मग ड्रायव्हर एकट्याचा कसा?

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावी उर्दू माध्यमातून, आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. हातात प्रोजेक्टचा डबा. त्यात तापमानाचा सेन्सर, घड्याळाची चिप, हालचाल ओळखणारी चिप आणि छोटा डिस्प्ले. म्हणाला, "सर, एकेक जोडलं की चालतं. सगळं एकत्र जोडलं की अडकतं." गाईडने उपाय सांगितला होता : दोन वस्तू काढून टाक, मार्क मिळतील.

मी भाषेचा मास्तर. इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही. पण तो सल्ला ऐकून राग आला, आणि आम्ही दोघं तीन आठवडे त्या डब्याशी झटलो. त्यातून जे समजलं, ते स्पष्ट लिहितो.

'बस' हा शब्द लॅटिन 'ऑम्निबस'वरून आला. अर्थ, 'सर्वांसाठी'. यंत्रातली बस म्हणजे अनेक चिपांनी मिळून वापरायच्या तारा. १९८२ मध्ये फिलिप्सने आणलेल्या आय-टू-सी बसमध्ये त्या फक्त दोन असतात. पत्ता सात बिटांचा, म्हणजे १२८ पत्ते; त्यातले १६ राखीव, उरले ११२. आमच्या डब्यातली डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आणि एमपीयू-६०५० ही हालचालीची चिप, दोघींचा मूळ पत्ता एकच : हेक्समध्ये ६८. एका हाकेला दोघी ओ देत होत्या. दुसरीची एक पिन वर ओढली की तिचा पत्ता ६९ होतो. पण मुलाने इंटरनेटवरून उचललेल्या ड्रायव्हरमध्ये ६८ हा आकडा कोरलेलाच होता, कारण लिहिणाऱ्याने शेजारी कुणी असेल असं गृहीतच धरलं नव्हतं.

रोग हाच आहे. आपल्याकडे ड्रायव्हर असा शिकवला जातो की जणू ती चिप बसची मालकीण आहे. बस तीच सुरू करते, वेग तीच ठरवते, काम होईपर्यंत तारा तीच अडवून धरते. १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या डिस्प्लेचं एक पूर्ण चित्र म्हणजे १०२४ बाइट. प्रत्येक बाइटला पोचपावतीसह नऊ ठोके, म्हणजे १०० किलोहर्ट्झवर किमान ९२ मिलिसेकंद. तेवढा वेळ तापमानाचा सेन्सर दाराबाहेर उभा. तेच चित्र आठ पट्ट्यांत पाठवून प्रत्येक पट्टीनंतर बस सोडली, तर शेजाऱ्याला १२ मिलिसेकंदांच्या आत वाट मिळते. हा शेजारधर्म चिप शिकवत नाही, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तो शिकावा लागतो.

एसपीआय बसवर तर चार मोड असतात. एका ड्रायव्हरने सुरुवातीला एकदाच मोड लावला आणि नंतर दुसऱ्याने तो बदलला, की पहिल्याचं वाचन चुकतं, आणि त्याला पत्ताही लागत नाही.

बरोबर रचना गुप्त नाही. लिनक्समध्ये ती उघड दिसते. बसचा ड्रायव्हर वेगळा, चिपचा वेगळा. चिपच्या ड्रायव्हरने तारांना हात लावायचा नाही, फक्त अर्ज करायचा. पत्ता, वेग, मोड हे त्या बोर्डाच्या वर्णनात लिहायचं. एखादी चिप मध्येच अडकून डेटाची तार खाली दाबून बसली, तर नऊ ठोके देऊन तिला सोडवण्याचं काम बसच्या ड्रायव्हरचं. कारण सगळ्यांचा हिशेब त्याच्याकडेच असतो.

"लहान चिपवर एवढा डोलारा कशाला?" असं काही प्राध्यापक विचारतात. डोलारा नकोच. एक कुलूप, एक रांग आणि वाट पाहण्याची मुदत, एवढं पुरतं. पण कुलूपही समजून लावावं लागतं. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाच्या कमी महत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरलं होतं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि बस सांभाळणारं महत्त्वाचं काम ताटकळत होतं. कुलूप धरणाऱ्याला तात्पुरता वरचा दर्जा देण्याची सोय प्रणालीत होती, पण बंद होती. ती पृथ्वीवरून सुरू करावी लागली. नासाची माणसं जिथे अडखळली, तिथे आपण मुलांना 'दोन वस्तू काढून टाक' म्हणतो!

दुसरा आक्षेप : "आधी पोरांना दिवा तर पेटवू द्या." जरूर पेटवा. पण तीन वर्षं दिवाच? वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी सेन्सर आणि नियंत्रक आले. गाडीच्या कॅन बसमध्ये, जी बॉशने १९८६ मध्ये मांडली, कुणी आधी बोलायचं ते हार्डवेअरच ठरवतं : लहान क्रमांकाचा संदेश जिंकतो, दुसरा मुकाट थांबतो. आय-टू-सीवर एकच नियंत्रक आणि त्याच्यावर पाच कामं असतील, तर हा अदब सॉफ्टवेअरमध्येच आणावा लागतो. तो न शिकलेला आमचा मुलगा रांजणगाव-बजाजनगरच्या शेडमध्ये स्क्रू आवळेल, डिझाइनच्या टेबलावर कुणी बसवणार नाही. मग आपण म्हणू, आपल्या मुलांना संधी मिळत नाही.

आणि कृपा करून इंग्रजीचं कारण सांगू नका. पत्ता, पाळी, कुलूप, मुदत यातला कोणता शब्द आमच्या घरात नाही? मी त्या मुलाला सगळं मराठीत आणि उर्दूत समजावलं. अडला तो फक्त डेटाशीट वाचताना, आणि तेवढं इंग्रजी शिकता येतं.

माझी मागणी साधी आहे. प्रॅक्टिकलला एका टेबलावर दोन तारा, तीन चिपा आणि तीन विद्यार्थी ठेवा. प्रत्येकाने एक ड्रायव्हर लिहावा. तिन्ही एकत्र तासभर चालले तरच तिघांना मार्क. मध्येच परीक्षकाने एक चिप उपटावी. बाकीच्या दोन चालू राहिल्या पाहिजेत. पालकांनो, पुढच्या वेळी कॉलेजात फी भरायला जाल, तेव्हा एवढंच विचारा : अशी परीक्षा तुम्ही घेता का?

आमच्या डब्यात आता चारही वस्तू आहेत. एकही काढलेली नाही.