रात्रीची नाडी कोण पाहणार?

भोईवाड्यातून आचार्य दोंदे मार्गाने सकाळच्या वेळी जावे, तर केईएमच्या फाटकापाशी ईईजीचा जाडजूड लिफाफा छातीशी धरून उभी असलेली एखादी आई दिसते. १९२६ साली सुरू झालेल्या या पालिका रुग्णालयात अपस्माराचे रुग्ण मुंबईतूनच काय, पार कोकणातून आणि खानदेशातून येतात. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, ‘‘महिन्यात किती वेळा फीट आली?’’ आई आकडा सांगते. पण तो आकडा तिने डोळ्यांनी पाहिलेल्या झटक्यांचा असतो. सारे घर झोपेत असताना येऊन गेलेल्या झटक्याचा हिशेब कोणाकडेच नसतो. सकाळी मुलाची जीभ चावलेली दिसते, अंथरूण ओले असते, दिवसभर ते मरगळलेले राहते. एवढाच काय तो पुरावा. आणि गोळ्यांचे प्रमाण ठरते ते याच अर्धवट आकड्यावर.

हा न दिसलेला झटका पकडण्याचा एक मार्ग आता मनगटापर्यंत आला आहे. तो मार्ग हृदयाच्या ठोक्यांचा.

अपस्मार हा मेंदूचा विकार. त्यात हृदयाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. झटक्याच्या वेळी मेंदूतील पेशींमध्ये विजेच्या लहरींचा एकाएकी गोंधळ उडतो. तो हृदयाची गती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचला, की स्वस्थ झोपलेल्या माणसाची सत्तर ठोक्यांची नाडी काही सेकंदांत सव्वाशेच्या घरात जाऊ शकते. कित्येकदा हातपाय झटकू लागण्याच्या आधीच ती उसळी घेते. क्वचित उलटेही घडते, ठोके मंदावतात. मेंदूचा आलेख पहिल्यांदा काढला तो जर्मनीतील हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. झटक्याची खात्रीची साक्ष अजूनही तोच आलेख देतो. पण डोक्याला तारा लावून रोज रात्री घरी कोण झोपणार? नाडी मात्र घड्याळातला हिरवा दिवाही मोजतो.

या खुणेवर उपचारही उभा राहिला आहे. छातीत कातडीखाली बसवायचे आणि मानेतील व्हेगस नसेला विजेचे सौम्य ठोके देणारे यंत्र अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. २०१५ साली त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली. नाडी ठरावीक टक्क्यांहून अधिक वेगाने चढली, की ती आपणहून ठोका देते. नेदरलँड्समध्ये दंडावर बांधायचा पट्टा निघाला आहे. तो रात्रभर नाडी आणि हालचाल दोन्ही पाहतो आणि गडबड दिसताच घरच्यांना उठवतो.

नाडी अर्थातच इतर कारणांनीही धावते. परळ स्टेशनचा जिना धावत चढा, वाईट स्वप्न पडू द्या, ताप येऊ द्या. म्हणून नुसते ठोके वाढले एवढ्यावर यंत्र विसंबत नाही. ते किती झपाट्याने वाढले, त्याबरोबर अंग हलले का, हेही पाहते. तरी खोट्या हाका येतातच, आणि काही झटक्यांत नाडी मुळीच बदलत नाही, ते निसटतात. मनगटावरचे साधे घड्याळ म्हणजे अपस्माराचे यंत्र, असे समजून औषध कमी करणे हा शुद्ध आत्मघात. तो सल्ला डॉक्टरांचाच हवा.

पण मला या यंत्रापेक्षा त्याच्या हाकेची काळजी वाटते. हाक आली, तर उठणार कोण?

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे अंगाला अंग लावून झोपत. पोराला आकडी आली, तर शेजारची आजी जागी होई. त्या जगण्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ते हालाचे होते. पण रात्री कोणी एकटे नसे. आता टॉवर उभे राहत आहेत, तरुण मुलाला वेगळी खोली मिळते, आणि मुलगा, साहजिकच, आतून कडी लावतो. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला सुमारे हजारात एकाचा मृत्यू अचानक होतो, आणि तो पुष्कळदा रात्री, पालथे पडलेल्या अवस्थेत, जवळ कोणी नसताना होतो. वेळेवर कोणी येऊन कुशीवर वळवले, तर श्वास मोकळा होण्यास मदत होते. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, तर तडक रुग्णालय गाठावे.

शेजाऱ्याला हे ठाऊक असावे, तर त्याला आधी आजार सांगायला हवा. आपण तो लपवतो, विशेषतः मुलीचा. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नातला अडसर होता. तो १९९९ साली काढून टाकण्यात आला, पण स्थळ पाहायला आलेल्यांसमोर गोळ्यांची डबी अजूनही कपाटात जाते. मग त्या मुलीच्या मनगटावरचे यंत्र सासरी रात्री वाजले, तर ते कशाला वाजते आहे हे नवऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा घड्याळ घ्यायला निघालेल्यांनी आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. रात्री ज्याच्या फोनवर हाक येईल तो माणूस कोण, आणि खोलीची आतली कडी कधी काढायची.