कुलूप, किल्ली आणि माझा जुना फोन

बरेच दिवसांत इकडे काही लिहिलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या एटापल्लीत वीज आणि नेटवर्क जोडीनेच रजेवर जातात, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण आजचं लिहिणं त्यावर नाही. परवा पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला आणि जवळजवळ रागावूनच ते म्हणाले, "बाबा, तुमचा फोन कुणीतरी फोडलाय. त्यावर बँकेचं काही करू नका."

फोडलाय हे खरं आहे. पण कुणीतरी नाही, मीच फोडून घेतलाय. आणि हा काही पहिला नव्हे, दुसरा. पंचाहत्तरीतल्या माणसाने असले उद्योग करावेत का, याबद्दल मला जे वाटतं ते आज सांगतो. (सूनबाई हे पान वाचतात. त्यांनी ते चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवावं.)

पहिला फोन 2012 चा. मी 2008 साली निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी हा ब्लॉग सुरू केला, संगणकावर, 'बरहा' वापरून. मग मुलाने दिवाळीला टचस्क्रीनचा फोन आणला. मी हौसेने त्यावर स्वतःचंच पान उघडलं, तर ओळीने नुसते चौकोन! एक अक्षर दिसेल तर शपथ. जुन्या ब्लॉगर मंडळींना ऑपेरा मिनीची युक्ती आठवत असेल. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कन्फिग' लिहायचं, खाली जाऊन अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरण्याला 'येस' करायचं, की त्यांचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र काढून पाठवायचा. वाचता यायचं, पण ते चित्रच. मेसेजमध्ये आणि फोनबुकात चौकोन ते चौकोनच. आमच्या सौभाग्यवतींचं नावसुद्धा पाच चौकोनांत.

इथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. जवळच्याच गावातला, माडिया घरातला मुलगा. त्याने फोन हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "होऊन जाईल जी सर. पण याले रूट करा लागते. वारंटी जाते."

रूट म्हणजे काय, हे त्याने मला मास्तरालाच समजेल अशा भाषेत सांगितलं. "फोनमध्ये तुम्ही विद्यार्थी आहा जी. हेडमास्तर कंपनी हाय. अक्षरं ठेवाचं कपाट हेडमास्तरच्या खोलीत. तुम्ही बाहेरून पाहू शकता, हात नाही लावू शकत."

अँड्रॉइड हे लिनक्सवर उभं आहे आणि लिनक्समध्ये ज्याला काहीही बदलता येतं त्या वापरकर्त्याला रूट म्हणतात, हे मी नंतर वाचलं. फोन विकत घेणाऱ्याला तो अधिकार मिळत नाही. फाँट ठेवण्याचा कप्पा त्याच्यासाठी बंद असतो. आयफोनच्या जगात ह्याच उद्योगाला जेलब्रेक म्हणतात. जेल कोणाचा आणि कैदी कोण, हे त्या शब्दातच आलं.

संध्याकाळी फोन परत मिळाला. देवनागरी दिसत होती! पण कशी? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसली होती. 'शिक्षक' लिहिलं की वेलांटी श ला सोडून पुढच्याच्या डोक्यावर, आणि क्ष चे दोन तुकडे, मध्ये पाय मोडलेला क. फाँट घालता आला, पण अक्षरं जोडण्याचं काम करणारा भाग त्या जुन्या आवृत्तीत नव्हताच. चौतीस वर्षं ज्या चुकांना मी लाल शाईने गोल केला, त्या सगळ्या तो फोन करत होता. तरी मी खूश होतो. मोडकीतोडकी का होईना, मराठी होती. पुढे फोन बनवणाऱ्यांनाच जाग आली आणि नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट दिसू लागली. पण आधीची एक-दोन वर्षं स्वतःच्या फोनवर स्वतःची लिपी वाचायला कुलूप तोडावं लागत होतं, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

हे कायद्यात बसतं का, असा प्रश्न मलाही पडला होता. शेवटी सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं. आपल्याकडे गाजलेलं एक प्रकरण आहे, पण ते जरा वेगळं. रिलायन्स इन्फोकॉमने 2003 च्या सुमारास महागडा हँडसेट थोड्या पैशांत दिला, अट अशी की तीन वर्षं सेवा त्यांचीच घ्यायची. टाटा इंडिकॉमच्या काही कर्मचाऱ्यांवर आरोप झाला की ते त्या हँडसेटमधला क्रमांक बदलून ग्राहक आपल्याकडे वळवतात. प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात गेलं आणि 2005 साली न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 65 खालचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. तिथे फोनची पूर्ण किंमत ग्राहकाने दिलेली नव्हती आणि ओळखक्रमांकच बदलला होता, त्यामुळे मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली कुलूप तोडण्याबद्दलचं कलम आलं, त्यात मात्र 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' असे शब्द आहेत. मराठी अक्षरं वाचण्यात मी कोणाचा हक्कभंग केला?

खरी गंमत अमेरिकेची. तिथल्या 1998 च्या कायद्याने असली कुलपं तोडण्याला बंदी आहे, पण दर तीन वर्षांनी कोणाला सूट द्यायची हे ठरवतो कोण, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ग्रंथपाल! जुलै 2010 मध्ये त्या ग्रंथपालाने सूट दिली की रीतसर मिळवलेली अ‍ॅप्स चालवण्यासाठी माणसाने आपल्या फोनचं कुलूप उघडलं तर तो त्या कायद्याचा भंग नाही. अ‍ॅपल कंपनीने विरोध केला होता. तरी सूट मिळाली.

ग्रंथपाल हा शब्द वाचला आणि मला आमच्या शाळेतलं कपाट आठवलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

खडू-फळा योजनेत आमच्या शाळेला सामान आलं. ही योजना केंद्राने 1987 मध्ये काढली. पुस्तकं, नकाशे, पृथ्वीचा गोल, विज्ञानाची पेटी, त्यात भिंग, आणि एक छोटी हत्यारांची पेटी. लोखंडी कपाट आलं, आणि डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात एक भिंग फुटलं. वस्तू गेली तर पगारातून कापतात, असं सगळे म्हणायचे. खरोखर कोणाचे कापले होते की नाही, देव जाणे. मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, धूळ झटकून सगळं मांडून ठेवायला लागलो. साहेब शेरा देऊन जायचे, 'साहित्य सुस्थितीत'. सुस्थितीत का नसणार? कोणी हातच लावला नव्हता.

एके दिवशी चौथीतल्या एका मुलाने कपाट उघडलं. कुलूप तोडलं नाही. बिजागरीचे स्क्रू पैशाच्या नाण्याने फिरवून दार अलगद बाजूला केलं आणि हत्यारांची पेटी काढून बसला. चोरलं काहीच नाही. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड सगळं जमिनीवर ओळीने मांडून नुसतं बघत होता. मी त्याला छडीने मारलं. हातावर, चार.

तोच हा दुकानवाला. फोन उघडताना त्याने मला त्याची आठवण दिली नाही. मला आपोआप आली.

आता दुसऱ्या फोनकडे येतो. हा मुलाने वापरून मला दिलेला, 2018 चा. फोन ठणठणीत, पण कंपनीने दोन-तीन वर्षांतच त्याचे अपडेट बंद केले. पुढे बँकेचं अ‍ॅप म्हणायला लागलं, तुमची आवृत्ती जुनी आहे. म्हणून मी आमच्या दुकानवाल्याकडून त्यावर लीनिएज ओएस घालून घेतलं. जगभरातले हौशी लोक मिळून ही अँड्रॉइडची आवृत्ती चालवतात. आधीचं सायनोजेनमॉड 2016 च्या शेवटी बंद पडल्यावर त्यातूनच ही निघाली. फोन नव्यासारखा पळू लागला, सुरक्षेच्या दुरुस्त्याही येऊ लागल्या. तर बँकेचं अ‍ॅप म्हणे, या फोनशी छेडछाड झाली आहे. म्हणजे बघा, दुरुस्ती न मिळालेला जुना फोन कंपनीच्या कुलपात असेल तर तो विश्वासाचा, आणि दुरुस्त केलेला माझा फोन संशयित. बँकेने पैशाच्या बाबतीत सावध असावं, हे मला मान्य आहे. पण सावधपणाची ही तऱ्हा मला आमच्या तपासणीसारखी वाटते. शेरा कुलूप बघून दिला जातो.

चिरंजीवांची भीती मात्र पोकळ नाही. गेल्या वर्षी शेजारच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारं अ‍ॅप. उघडली, फोनने जे जे विचारलं त्याला 'अलाऊ' म्हणत गेले, आणि ओटीपीचे मेसेज परस्पर तिकडे जाऊन 28 हजार गेले. मी आधी चिरंजीवांशी वाद घालायला म्हणून म्हटलं की त्यांचा फोन तर रूट केलेला नव्हता, कंपनीच्या कुलपाने त्यांना कुठे वाचवलं? पण रात्री विचार केल्यावर हा युक्तिवाद अर्धाच निघाला. बाहेरचं अ‍ॅप घ्यायची परवानगी ही एक किल्लीच होती, आणि ती शेजाऱ्यांनीच फिरवली. ज्याला किल्ली दिली त्यालाच कोणी गोड बोलून दार उघडायला लावू शकतं.

गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये हेच कारण देऊन जाहीर केलं की सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत, आणि 2027 पासून पुढे इतरत्र, ज्याने आपली ओळख त्यांच्याकडे नोंदवलेली नाही अशा माणसाचं अ‍ॅप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर चढवता येणार नाही. प्ले स्टोअरमधून नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेलंसुद्धा. हौशी लोकांसाठी मोजक्या फोनांपुरतं बिनपैशाचं खातं असेल. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांनी म्हटलं की धोका पत्करून पुढे जाऊ इच्छिणाऱ्या माहितगारांसाठी वेगळी वाट ठेवू.

ही बातमी मी दुकानात वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. कारण त्याचंही एक अ‍ॅप आहे. पहिलीत येणाऱ्या माडिया मुलांना मराठी कळत नाही आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाला माडिया येत नाही. मला सुरुवातीला येत नव्हती, त्या दोन वर्षांत मी वर्गात काय शिकवलं असेन याची आता लाज वाटते. तर त्याने चित्र, मराठी शब्द, देवनागरीतच लिहिलेला माडिया शब्द आणि त्याच्या मुलीच्या आवाजातला उच्चार, असं एक साधं अ‍ॅप यूट्यूबवर बघून बघून केलं. प्ले स्टोअरच्या खात्याला 25 डॉलर लागतात, ते त्याने भरलेले नाहीत. तीस-चाळीस शिक्षक आणि अंगणवाडीच्या बाया ते व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतात. फसवी लग्नपत्रिका आणि हे अ‍ॅप, दोन्ही एकाच दारातून आत येतात.

माझं म्हणणं असं आहे. फोनला कुलूप असावं, चांगलं भक्कम असावं, आणि नकळत उघडणार नाही असं असावं. उघडायला दोन दिवस थांबायला लावा, चार वेळा विचारा, मराठीत विचारा. (ते 'अलाऊ' शेजाऱ्यांना मराठीत समजावलं असतं तर कदाचित हात थांबला असता.) पण लोखंडी कपाट विकत घेतलं की दुकानदार त्याच्या किल्ल्या आपल्या हातात देतो. कपाट घरी आणि किल्ली दुकानदाराच्या कमरेला, असं कोणी चालवून घेत नाही. एक भिंग फुटलं म्हणून मी सगळ्या शाळेची किल्ली खिशात घातली होती. माझ्या मते ती काळजी होती. त्या मुलांच्या दृष्टीने, कपाटात काय आहे हे कधी कळलंच नाही.

असो. दिवाळीला चिरंजीव नवा फोन आणणार आहेत, कंपनीच्या कुलपातला. बँक आणि पेन्शनसाठी तो वापरीन, असं मी कबूल केलंय. फोडलेला फोन दुकानात द्यायचं ठरलंय, अ‍ॅपची नवी आवृत्ती त्यावर तपासून बघायला. काल तो द्यायला गेलो तेव्हा आधी माझं सगळं त्यातून पुसायचं होतं आणि त्याला पासवर्ड लागत होता. मी सांगायला लागलो, तर त्याने फोनच माझ्यापुढे धरला आणि तोंड रस्त्याकडे केलं.

"तुम्हीच टाका जी सर. मले नका सांगू."