गोदीची जमीन आणि ‘मोकळी’ या शब्दाची किंमत

मुंबईचा मूळ दर्शनी चेहरा पूर्वेकडे होता. टाउन हॉल, टांकसाळ, कस्टम हाउस, अपोलो बंदर हे सारे बंदराच्या अंगाने उभे राहिले. मरीन ड्राइव्हने शहराची मान पश्चिमेच्या समुद्राकडे वळवली ती विसाव्या शतकात.

येत्या तीन-चार दशकांत ती पुन्हा पूर्वेकडे वळू शकते. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या ताब्यात सुमारे १८०० एकर जमीन आहे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक हळूहळू खाडीपलीकडे गेली. मागे गोदामे आणि जुने भाडेपट्टे राहिले. फोर्टमधील कचेऱ्याही एव्हाना वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या आहेत. २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाल्यावर हा दुर्लक्षित किनारा अचानक मोक्याचा ठरला. फोर्टपासून माझगाव, शिवडीपर्यंत शहराचा नवा मध्यभाग उभा राहणे आता अशक्य नाही.

त्याची संकल्पचित्रे देखणीच असतील. पण मुंबईत चित्राप्रमाणे शहर घडत नाही, ते नियमातील व्याख्येप्रमाणे घडते. याचा धडा गिरणगावाने दिला आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने पुनर्विकासाची ढोबळ वाटणी ठरवली: एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. मालक अर्थातच फारसे पुढे आले नाहीत. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. तो कागदावरच राहिला. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची होणार होती, आणि शेड पाडून रिकामी झालेली जागा मोकळी धरली जाणार नव्हती. गिरणीच्या आवारात शेड वगळता उरते तरी काय? एका विशेषणाने मैदाने आणि घरे आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनहिताचा अर्थ लावला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल वैध ठरवला. परळचे आजचे मनोरे आणि त्यांच्या पायाशी तुंबणारे अरुंद रस्ते त्या व्याख्येचे अपत्य आहेत.

गोदीची गोष्ट वेगळी होऊ शकते, कारण तिथे जमीन सार्वजनिकच आहे. कुणा खासगी मालकाचे मन वळवायचे नाही. शिवाय बंदराने असे शहर पूर्वी घडवलेही आहे. अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, एकाच शिस्तीत, आणि जमीन विकून न टाकता भाडेपट्ट्याने देऊन. ही परंपरा सोडण्याचे कारण नाही. मैदाने आणि घरांचा वाटा एकूण क्षेत्रफळावर मोजला जावा, आणि पहिला भूखंड हातावेगळा होण्यापूर्वीच तो नियमात लिहिला जावा.

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने दाट वस्त्या पाडल्या आणि पुढे दादर-माटुंग्याच्या सुबक वसाहती वसवल्या. पाडलेल्या चाळींतील मजूर बहुतांशी तिथे राहायला गेले नाहीत. त्यांनी जवळच्याच दुसऱ्या चाळींत गर्दी केली. आज दारूखाना आणि रे रोडच्या झोपड्या गोदीच्याच जमिनीवर आहेत. जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्याने राज्याच्या पुनर्वसन योजना तिथे सहजी पोहोचल्या नाहीत. गोदीच्या नव्या नियमावलीत त्यांच्याखालची जमीन ‘मोकळी’ म्हणून धरली जाते की ‘वस्ती’ म्हणून, हे अगदी पहिल्या मसुद्यातच तपासावे लागेल.