तेलाच्या गावात विजेची दुचाकी

नव्या न्याय संहितेतील अपघातविषयक तरतुदीच्या निषेधार्थ मालमोटार व टँकरचालकांनी २०२४ च्या पहिल्याच दिवशी चाके थांबविली, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीची आठवण निम्म्या महाराष्ट्राला एकदम झाली. एरवी मनमाड म्हणजे गाडी बदलण्याचे स्थानक, फार तर पाण्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठणारे गाव, एवढीच बाहेरच्यांची समजूत. परंतु इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांची इंधनाची कोठारे या परिसरात आहेत. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेले तेल सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीच्या नळाने येथे पोहोचते आणि येथून टँकरने उत्तर महाराष्ट्रात व मराठवाड्यात जाते. टँकर उभे राहिले आणि ठिकठिकाणच्या पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत तडजोड झाली, रांगा ओसरल्या आणि पानेवाडीही विस्मरणात गेली.

त्या रांगांत दुचाकी अधिक असाव्यात यात नवल नव्हते. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी पितात. मोटारींचा वाटा त्याच्या जवळपास निम्मा. म्हणजे पेट्रोलचा खरा ग्राहक मोटारवाला श्रीमंत नसून मोटारसायकलवर कचेरीत जाणारा कारकून, शाळेत जाणारा शिक्षक आणि दुधाच्या किटल्या लावून निघालेला शेतकरी आहे. हा ग्राहक विजेकडे वळला, तर सर्वांत मोठा फरक त्याच्या खिशाला पडेल, आणि दुसरा फरक पानेवाडीला. पहिल्या फरकाची चर्चा सर्वत्र होते. दुसऱ्याची मनमाडातही फारशी होताना दिसत नाही.

पण मुळात दुचाकीला पेट्रोल सोडता येईल काय? याचे उत्तर कंपन्यांच्या जाहिरातींत शोधण्यापेक्षा जेथे यंत्राची खरी परीक्षा होते तेथे शोधणे बरे. मोटारसायकलच्या खेळांत ‘ट्रायल्स’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात शर्यत वेगाची नसते. खडक, ओढे, उभे कातळ, ओल्या मुळ्या यांवरून पाय न टेकता गाडी नेणे हीच कसोटी. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, गाडी अडली वा पडली तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. मनमाडभोवतीचे अंकाई-टंकाईचे डोंगर आणि हडबीची शेंडी म्हणून ओळखला जाणारा सुळका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या खेळाला कसली भूमी लागते हे निराळे सांगावयास नको. भूमी आहे, खेळ मात्र आपल्याकडे रुजला नाही.

या खेळाच्या गाड्या पिढ्यान्पिढ्या पेट्रोलवर चालल्या. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने विजेच्या ट्रायल्स गाड्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. स्वतंत्र म्हणजे पंगत वेगळी. पेट्रोलच्या गाड्यांशी बरोबरी अद्याप गृहीत धरलेली नव्हती. मात्र पुढील सात वर्षांत चित्र पालटले. २००४ चा जगज्जेता ताकाहिसा फुजिनामी २०२४ मध्ये होंडाची विजेवरची गाडी घेऊन जपानच्या राष्ट्रीय मालिकेत उतरला आणि पेट्रोलच्या गाड्यांना त्यांच्याच पंगतीत हरवून गेला.

असे का घडले हे समजून घेण्याजोगे आहे. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी गती घ्यावी लागते. विजेची मोटार जागच्या जागी, पहिल्या फेरीपासूनच पूर्ण जोर देते. कातळावर चढताना नेमके हेच हवे असते. तरीही प्रारंभीच्या गाड्यांवर स्वार नाराज होते. क्लच दाबून इंजिनाचा वेग साठवायचा आणि क्षणार्धात तो सोडून उडी घ्यायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची विद्या विजेच्या गाडीत निरुपयोगी ठरत होती. तेव्हा कारखानदारांनी विजेच्या गाडीला, जिला तत्त्वतः क्लचची गरजच नाही, क्लच आणि जड चक्र पुन्हा बसविले! यंत्र बदलताना माणसाच्या हाताची जुनी विद्या फेकून देता येत नाही, तिला नव्या यंत्रात जागा करून द्यावी लागते, हे त्या कारखान्यांना तीन-चार हंगामांत उमगले. आपल्या धोरणकर्त्यांना ते उमगले आहे काय, हा पुढचा प्रश्न.

ट्रायल्समध्ये विजेला यश आले याचे आणखी एक कारण आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खेळात गाडीला दूर जावे लागत नाही. ठरलेल्या आवारात फिरून ती मुक्कामी परत येते, आणि तेथे बॅटरी भरण्याची वा बदलण्याची सोय असते. जेथे फेरी लहान आणि परतीचे ठिकाण ठरलेले, तेथे वीज जिंकते. लांबच्या अनोळखी वाटेवर पेट्रोलची सरशी अजून आहे. हा निकष मनमाडच्या नोकरदाराला लावून पाहावा. चांदवड, नांदगाव, येवला ही तिन्ही तालुक्यांची गावे मनमाडपासून साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या आत आहेत. सकाळी जाणे, सायंकाळी येणे, रात्री गाडी दारात. आज बाजारात मिळणारी मध्यम प्रतीची विजेची स्कूटर एका भारणीत ही फेरी सहज पुरी करते.

खर्चाचा हिशेबही कठीण नाही. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल, पेट्रोलचा भाव १०० रुपयांच्या वर. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. विजेच्या स्कूटरला १०० किलोमीटरसाठी तीन-साडेतीन युनिट पुरतात. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला ३५ पैशांच्या आत काम भागते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या शिक्षकाचे सोळाशे रुपयांहून अधिक वाचतात. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते व तो खर्च मोठा असतो. तो वजा केला तरी बाकी शिल्लक राहते.

मग असे असताना २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या दर शंभर दुचाकींपैकी विजेच्या सहाच का? एक कारण अर्थातच किंमत. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये अनुदान कमी केले आणि एप्रिल २०२५ पासून ते बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे अवघ्या २,५०० रुपयांवर आणले. दुसरे कारण भीती. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये एका कंटेनरमधील वीस स्कूटर जळाल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, परंतु भीतीला नियमांचे राजपत्र वाचून दाखविता येत नाही. तिसरे कारण चाळीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते. दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली, खाली गाड्यांची दाटी. तेथे प्लग कोणी लावून द्यावा व त्याचे बिल कोणाच्या मीटरवर पडावे? घरमालक ‘पाहू’ म्हणतो आणि विषय संपतो.

सामान्य नोकरदाराचा या बदलाला भावनिक विरोध आहे, असेही नाही. १९७२ मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना बाजारात आली. पुढे दोन पिढ्यांच्या मराठी शिक्षकांनी व कारकुनांनी आपले संसार त्यांच्यावर ओढले. तीच चेतक २०१९ मध्ये आणि तीच लुना २०२४ मध्ये विजेचा अवतार घेऊन परतली. हे जुने नाव लावण्यात व्यापार आहे हे उघड आहे. पण ग्राहकाला ओळखीचा हात लागतो, ही जाणही त्यात आहे.

विजेची गाडी धूर सोडत नाही हे म्हणणे मात्र मनमाडकराने थोडे जपून ऐकावे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या याच स्थानकावरून जातात. धूर गावातून उठून केंद्राच्या धुरांड्यात जातो, नाहीसा होत नाही. तरीही एका ठिकाणच्या धुराड्याला आवर घालणे लाखो नळकांड्यांना आवर घालण्यापेक्षा सोपे आहे, आणि सौर विजेचा वाटा वाढेल तसा हा हिशेब सुधारत जाईल.

राहिला पानेवाडीचा प्रश्न. कोठारे उद्या ओस पडतील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक खप डिझेलचा आहे, आणि ट्रक-ट्रॅक्टर इतक्यात विजेवर जात नाहीत. शिवाय तेलाच्या या व्यवहाराविषयी हळवे होण्याचे कारण नाही. २५ जानेवारी २०११ रोजी अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी याच परिसरात जिवंत जाळले, हे मनमाड विसरू शकत नाही. पण टँकरवर ज्यांचे पोट आहे ते सारे भेसळखोर नव्हेत. चालक, क्लीनर, टँकर दुरुस्त करणारे, टायरवाले, वाटेवरचे ढाबे, आणि गावोगावचे मोटारसायकल मिस्त्री, ज्यांचे कसब कार्ब्युरेटर, पिस्टन आणि क्लचपट्टीत आहे, अशी ही साखळी. पेट्रोलचा खप वर्षाला थोडाथोडा घटू लागला, तर एकाही दिवशी आकाश कोसळणार नाही; खेपा कमी होतील, एवढेच. अशा मंद संकटाची बातमी होत नाही.

मनमाडने असा बदल एकदा पाहिला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर विजेची तार आली, आणि कोळसा ओढणारे फायरमन, पाणी भरणारे, राख काढणारे यांचे काम हळूहळू सरले. परंतु ते रेल्वेचे नोकर होते. रेल्वेला त्यांची बदली करावी लागली, त्यांना नवे काम द्यावे लागले. निवृत्तिवेतनही चालू राहिले. टँकरचालकाच्या पाठीशी असे कोणी नाही. तेलकंपनीच्या लेखी तो वाहतूक कंत्राटदाराचा माणूस, आणि कंत्राटदाराच्या लेखी तो खेपेपुरता.

राज्याने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विजेच्या वाहनांसाठी धोरण आखले. खरेदीदाराला सवलत, कारखान्याला प्रोत्साहन, भारणी केंद्रांना साहाय्य हे सारे योग्यच. त्याच्या जोडीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून चालू मिस्त्र्यांसाठी, म्हणजे दहावी-बारावीच्या मुलांसाठी नव्हे तर चाळिशीतल्या हातांसाठी, संध्याकाळचे वर्ग निघाले पाहिजेत. ब्रेक, सस्पेन्शन, चाकांचे बेअरिंग यांचे त्यांचे ज्ञान विजेच्या गाडीतही तितकेच लागते. शिकायची आहे ती बॅटरी आणि नियंत्रक. टँकरचालकांबाबत तर कायद्याचीही वाट पाहण्याची गरज नाही. तेलकंपन्यांची वाहतुकीची कंत्राटे ठरावीक मुदतीची असतात. चालकांचा भविष्यनिर्वाह निधी नियमित भरला जावा आणि खेपा घटल्यास अन्य कामाचे प्रशिक्षण मिळावे, अशी अट पुढील निविदेत घालणे या कंपन्यांच्या हातात आहे.