आलेल्या माणसाने बसायचं कुठे?

आर्किटेक्ट झालं की नातेवाईकांचे दोनच प्रश्न असतात. एक, 'आमच्या बंगल्याचं एलिव्हेशन कधी करून देणार?' आणि दोन, 'पुण्यात एवढं शिकून नांदेडला काय करायलीस?' पहिला प्रश्न मी हसून टाळते. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझा इंटरेस्ट स्थलांतरात आहे असं सांगितलं की समोरचा जरा गोंधळतो. स्थलांतर म्हणजे समाजशास्त्रवाल्यांचा विषय, फार तर पेपरातल्या अग्रलेखाचा. त्यात आर्किटेक्टचं काय काम? माझं म्हणणं असं, की भरपूर काम आहे. माणूस गाव सोडतो तेव्हा त्याला कुठेतरी टेकावंच लागतं. टेकायची ती जागा एकतर कुणीतरी आखलेली असते, नाहीतर कुणीच आखलेली नसते. दोन्ही बाबतीत प्रश्न आमच्या धंद्याचा आहे.

लातूर-नांदेड एसटीने मी दोन वर्षं ये-जा करतेय. चाकूर, अहमदपूर, लोहा. या रस्त्यावर मराठवाड्यातलं निम्मं स्थलांतर दिसतं. रविवारी संध्याकाळी लातूरच्या गाडीत पाठीवर सॅक आणि हातात घरच्या डब्याची पिशवी घेतलेली अकरावी-बारावीची लेकरं असतात. नांदेडच्या गाडीत मधल्या स्टॉपवर कंधार-मुखेडकडची कुटुंबं चढतात. गाठोडी, पत्र्याची पेटी, कडेवर लेकरू. पुढे रेल्वेने हैदराबाद नाहीतर मुंबई. आणि नांदेड स्टेशनवर सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून आलेले यात्रेकरू उतरत असतात. तिघंही बाहेरून आलेले, तिघांच्याही हातात सामान. पण शहर तिघांशी तीन तऱ्हेने वागतं.

आधी यात्रेकरूंचं बघू. गुरू गोविंदसिंगजींचं 1708 मध्ये नांदेडला देहावसान झालं, आणि तेव्हापासून हे गाव पाहुण्यांचं झालं. हजूर साहिबला कुणीही जावं, लंगरमध्ये जेवावं. तू कोण, कुठला, कशाला आलास असं कुणी विचारत नाही. 2008 च्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला तर रस्ते, पूल, घाट असं सगळं शहरच पाहुण्यांसाठी नव्याने मांडलं गेलं. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पंजाबचे सुमारे 4000 यात्रेकरू नांदेडला अडकले. महिनाभर तरी ते राहिले, जेवले-खावले, आणि एप्रिलच्या शेवटी बसने परत निघाले. एवढी माणसं अचानक अडकूनही त्यांची सोय झाली, कारण झोपायची आणि जेवायची जागा आधीपासून होती. तीनशे वर्षांची सवय होती.

त्यानंतर काही दिवसांनीच, 8 मे 2020 ला पहाटे, जालन्याच्या कारखान्यात काम करणारे आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या गावाकडे चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मी तेव्हा विद्यार्थी होते. त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिलाय. तोच मराठवाडा, तेच दिवस. एकाला खोली आणि ताट, आणि दुसऱ्याला रूळ. असं का?

'लॉकडाऊनच तसा होता' हे उत्तर मला पटत नाही. लॉकडाऊन नसतानाही फरक तोच आहे. नांदेडच्या एका मजूर अड्ड्यावर मी सलग पंधरा दिवस सकाळी जाऊन उभी राहिले. वहीत नोंदी केल्या. सकाळी साडेसातपासून माणसं जमतात. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात, कारण सावली तिथेच असते. दहाला शटर वर जातं, दुकानदार पायऱ्या झाडायला घेतो आणि सगळे उन्हात सरकतात. नळ नाही. मुतारी आहे ती पुरुषांची. बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. ज्यांच्या हातांनी शहरातला प्रत्येक स्लॅब पडतो, त्यांना बसायला त्याच शहरात एक शेड नाही! बरं, खर्च म्हणाल तर एका चौकातल्या कारंज्याएवढासुद्धा नसेल.

आता लातूर. लातूर पॅटर्नबद्दल मी काय नवीन सांगणार? निम्मे वाचक त्यातूनच गेले असतील :) नांदेड, बीड, धाराशिव, परभणी, सोलापूर, पार बिदरकडूनही मुलं येतात. त्यांच्यावर रूम, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, रिक्षा असं अख्खं शहर चालतं. या पाहुण्याकडे पैसे असतात म्हणून त्याला कुणी 'लोंढा' म्हणत नाही. पण जागा म्हणून त्याला काय मिळतं? कॉट. 'कॉट बेसिस' हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला शहराने दिलेली जागा म्हणजे सहा फूट बाय अडीच. खिडकी असेल तर नशीब.

आणि एक माणूस तर कुणाच्याच हिशोबात नाही. लेकरासोबत येणारी आई. माझी आत्या दोन वर्षं लातूरला खोली घेऊन राहिली, पोराला घरचं जेवण मिळावं म्हणून. मामा गावाकडे शेती बघायचे आणि स्वतःच भाकरी थापायचे. अशा आया लातुरात गल्लोगल्ली आहेत. जनगणनेत स्थलांतराची कारणं विचारतात: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, इतर. देशातल्या स्थलांतरित बायकांपैकी बहुतेकींच्या नावापुढे 'लग्न' लिहिलेलं असतं. आत्याच्या नावापुढे काय लिहिणार? शिक्षण तिचं नाही, काम तिला कुणी म्हणत नाही, कुटुंब तर उलट मागे राहिलं. म्हणजे 'इतर'. शहरातलं पाणी, संडास, कचरा यांचे हिशोब डोकी मोजूनच करतात, आणि 2021 मध्ये व्हायची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. म्हणून नियोजनाच्या कागदांवर वर्षानुवर्षं 2011 चीच डोकी राहिली. लातूरची पावणेचार लाखांच्या वर, नांदेडची साडेपाच लाख. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ते पाणी पिणाऱ्यांत ही लेकरं आणि या आयाही होत्या.

गंमत म्हणजे, ज्या लातुरात हे चाललंय त्याच लातुरात गंजगोलाई आहे. 1917 साली, निजामाच्या राजवटीत, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे 16 रस्ते. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. मला ही गोलाई आवडते ती तिच्या आकारासाठी नाही. या आखणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणसं बाहेरून येणार, सगळ्या दिशांनी येणार, आणि आल्यावर त्यांना मधे यायला वाट लागणार. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला हे उमगलं होतं. आपण मात्र घरमालकासाठी आखतो. प्लॉट ज्याच्या नावावर, तोच नागरिक.

यावर कुणी म्हणेल, की गरज असली की लोक आपली सोय आपण करतात. करतात ना. मुंबईत गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांना खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी जगवलं. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याहून जहाजावर नोकरीला येणाऱ्यांनी मुंबईत आपापल्या गावाच्या 'कुडी' काढल्या. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी, भिंतीशी एक वेदी, आणि दोन जहाजांच्या मधल्या काळात टेकायला हक्काची जमीन. पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' काढली. यातल्या कशालाही आर्किटेक्टने हात लावलेला नसावा, तरी मला या जागा आमच्या कितीतरी बक्षीसपात्र इमारतींपेक्षा शहाण्या वाटतात. पण लोकांनी जुगाड केला याचा अर्थ शहराने हात झटकावेत असा होत नाही.

आणि आखणाऱ्याने लोकांना न विचारता आखलं की काय होतं, ते आमच्या घरातच पाहिलंय. माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी हलवली. घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली: 250, 400 नाहीतर 750 चौरस फूट. भूकंपात टिकणारी घरं हवी होती आणि ती झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण नकाशा शहरी कॉलनीचा निघाला. सरळ रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. जुन्या घराला ढेळज होती, म्हणजे दारातून आत शिरताच बसायची जागा. आलेला माणूस आधी तिथे टेकायचा. पाणी यायचं, मग बोलणं. नव्या घरात दार उघडलं की थेट खोली. आजी म्हणायची, "घर दिलं गं माय, पण आलेल्या माणसाला बसवावं कुठं?" आज त्या गावात गेलात तर घरोघरी पुढे पत्रे टाकलेले दिसतील. लोकांनी आपल्या पैशाने पत्र्याची ढेळज परत बांधली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी खोडलेली रेघ त्यांनी पुन्हा ओढली.

आता जरा घरगुती. आमच्या काकांचा लातुरात चाळीस बाय साठचा प्लॉट आहे. त्यांना तिथे मुलांसाठी खोल्या बांधायच्यात. त्यांचा हिशोब असा: आठ बाय दहाची एक खोली, एका मजल्यावर बारा, तीन मजले, एकूण छत्तीस. मी नकाशा काढला, पण मजल्याला दहा खोल्यांचा. उरलेल्या दोन खोल्यांच्या जागी मधे दहा बाय सोळाचा उघडा चौक ठेवला. त्याने सगळ्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो. तळमजल्यावर त्याच चौकात रविवारी भेटायला आलेले आई-बाप बसू शकतील. आज ते रस्त्यावर मोटारसायकलला टेकून लेकराला डबा भरवतात.

काकांचं म्हणणं, सहा खोल्या गेल्या. खरंय. महिन्याला चार हजार भाडं आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार. छोटी रक्कम नाही, आणि ती माझ्या खिशातून जाणार नाहीये हेही कबूल. पण काका, त्या छत्तीस खोल्यांतल्या निम्म्यांना खिडकी बाहेर उघडणारच नव्हती. तुमच्या नातवाला तुम्ही त्यात दोन वर्षं ठेवाल का? छत्तीसच्या नकाशावर मी सही करणार नाही. तुम्ही म्हणालात, दुसरा कुणी दोन दिवसांत करून देईल. देईल, नक्की देईल. म्हणूनच हे एकट्या माझ्या सहीवर सोडून चालणार नाही असं मला वाटतं. विद्यार्थ्यांच्या खोल्यांना किती उजेड, किती माणसांमागे एक संडास, याचे नियम कडक हवेत आणि ते कागदावर न राहता तपासले जायला हवेत. म्हणजे चौक ठेवणारा मालक एकटाच तोट्यात जाणार नाही.

'सोयी केल्या तर आणखी लोक येतील' हा आक्षेप मी नेहमी ऐकते. मला तो उलटा वाटतो. मुखेडच्या तांड्यावरून माणूस नांदेडला येतो तो अड्ड्यावर नळ आहे म्हणून नाही. गावात काम नाही म्हणून येतो. नळ असो-नसो, तो येणारच. नळ बसवून आपण एवढंच ठरवतो, की तो आल्यावर आपण त्याच्याशी कसं वागणार.

तर मी नांदेडला हे करतेय. दिवसा ऑफिसात बंगले (हो, एलिव्हेशनसकट!), आणि सकाळी अड्ड्यावरची वही. एका शेडचा नकाशा तयार आहे: बाक, नळ, बायकांसाठी संडास, बस्स. तो घेऊन कुणाचे उंबरठे झिजवायचे ते आता शिकतेय.

तुम्हाला एकच विनंती. उद्या सकाळी आठ वाजता तुमच्या गावातल्या मजूर अड्ड्यावर एक चक्कर मारा आणि सावली कुठे आहे, नळ कुठे आहे, बायका कुठे उभ्या आहेत एवढं बघा. आणि मला कळवा. वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.