तीन दिवसांचे लंडन

युरोपातील एखादी राजधानी प्रथमच पाहण्यास निघालेला प्रवासी बहुधा लांबलचक यादी करतो. तीन दिवसांत वीस स्थळे पाहण्याचा त्याचा संकल्प असतो. कष्टाने साठवलेल्या पैशाचे चीज व्हावे, ही त्यामागची भावना स्वाभाविक आहे. परंतु अशा धावपळीत शहर नुसते दिसते, कळत नाही.

लंडनचेच उदाहरण घ्यावे. वेस्टमिन्स्टरचे संसदभवन, ट्रॅफल्गर चौक आणि तेथील नॅशनल गॅलरी ही स्थळे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांना एक दिवस द्यावा. दुसरा दिवस ब्रिटिश म्युझियमसाठी ठेवावा. १७५९ मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाची कायमची दालने आजही विनामूल्य पाहता येतात. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पेही तेथे आहेत. ती तेथवर कशी पोहोचली, हा प्रश्न मनात येण्यासाठी मात्र सवड हवी.

तिसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहावे. विद्यार्थिदशेत, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले.

ऋतूचाही विचार हवा. लंडनमध्ये डिसेंबरातील दिवस जेमतेम आठ तासांचा, तर जूनमधील सोळा तासांहून मोठा असतो. म्हणून उत्तम नियोजनात काय पाहावे याइतकेच काय सोडावे, हेही आधी ठरलेले असते.